तिथी पाहून आखलेली पक्षी सहल: गोव्यातले दोन दिवस

जुने गोवेंहून निघणारी ही दोन दिवसांची मार्गदर्शित सहल. सहा जण, एक गाडी, एक मार्गदर्शक, तिपाईवरचा एक स्पॉटिंग स्कोप (लांबचे पक्षी पाहायची एकनळी दुर्बीण). तळं, खाडी, सडा (कातळाचं उघडं पठार) आणि सदाहरित रान असे चार अधिवास. अशा सहली गोव्यात बऱ्याच निघतात. ही उजवी ठरते ती होडीच्या वेळेमुळे.

कुठ्ठाळीहून झुआरी नदीत आणि कुंभारजुवे कालव्यात जाणारी होडी अनेक आयोजक रोज ठरलेल्या वेळेलाच सोडतात, पाणी कुठंही असो. भरती पूर्ण भरलेली असली की चिखलाचे पट्टे बुडतात, तुतवार आणि चिखले हे चिखलात चरणारे पक्षी लांब कुठंतरी विसावायला गेलेले असतात, मगरींना ऊन खायला काठ उरत नाही. मग डोक्यावरच्या ब्राह्मणी घारी मोजत परत यायचं. इथं होडी पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी सुटते आणि पाणी चढू लागलं की वळते. त्यासाठी सहलीच्या तारखाच तिथीवर ठरवल्या जातात. पौर्णिमा-अमावास्येनंतरच्या तृतीया-चतुर्थीला सकाळच्या फेरीत ओहोटी सापडते. पुढं ती रोज सुमारे ५० मिनिटं सरकते. चोडणच्या सलीम अली अभयारण्यात नेमकं उलटं: खारफुटीतल्या चिंचोळ्या वाटांत होडी शिरायला भरतीच हवी. सकाळी भरती असेल तेव्हा हे आयोजक कुठ्ठाळी सोडून रायबंदरच्या फेरीबोटीनं चोडणला नेतात. हा बदल न सांगता केला जातो, तो आधी कळवायला हवा.

कालव्यात होडीवाला तीस-चाळीस मीटर आधी इंजिन बंद करून होडी वाहू देतो. म्हणूनच कॉलर खंड्या खारफुटीच्या फांदीवर बसलेला निवांत पाहता येतो. घोंगी, कवड्या आणि काळ्या डोक्याचा खंड्याही याच पट्ट्यात आढळतात. मगर इथली गोड्या पाण्यातलीच जात, पण खाऱ्या पाण्यात रुळलेली. दुर्भाट-बोरीकडच्या खाजनांत (बांध घालून खाडीपासून राखलेल्या शेतांत) पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात. मार्गदर्शक हे काठावरचं खाजन आणि त्याची मानस (पाणी आत-बाहेर सोडणारी झडप) दाखवत सांगतो, त्यामुळे नुसत्या पक्ष्यांच्या यादीपलीकडे काही हाती लागतं.

करमळीच्या तळ्यावर उजाडतानाच पोचतात, ते योग्यच. अडई, काणूक ही बदकं आणि जांभळ्या पाणकोंबड्या उन्हं वर येण्याआधी उघड्यावर असतात, नंतर गवतात शिरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहुणी बदकंही येतात. संध्याकाळी सुकूरचा सडा: उजेड असेतो मलबारी चंडोल, अंधारताच रातवे.

दुसरा दिवस मोले आणि तांबडी सुर्लाच्या सदाहरित रानात. इथं घोळ आहे. मुक्काम दोन्ही रात्री जुने गोवेंतच ठेवल्यानं पहाटे साडेचारला निघावं लागतं, आणि गाडीत निम्मे लोक पेंगतात. पहिल्या रात्रीच मोलेत मुक्काम केला तर दीड तासाची झोप वाचेल. नाश्त्याचं मात्र चोख: हॉटेलातल्या आठच्या नाश्त्याची वाट न पाहता भाजी-पाव आणि चहाचा थर्मास गाडीत. रानात सहा ते साडेनऊ हाच खरा वेळ, तो टेबलावर बसून घालवायचा नसतो.

मलबारी कर्णा (ट्रोगन) मधल्या उंचीच्या फांदीवर निश्चल बसतो, आणि बऱ्याचदा वेगवेगळ्या जातींच्या मिश्र थव्याबरोबर फिरतो. त्यामुळे आधी थव्याची कुजबुज ऐकायची, मग कर्णा शोधायचा. मार्गदर्शक स्पीकरवर आवाज वाजवून पक्षी ओढत नाही, याला पूर्ण गुण. बेडूकतोंड्याची (फ्रॉगमाउथची) जोडी दिवसा सुक्या पानांच्या झुबक्यात सुकं पानच वाटते. तिथं दोघादोघांनाच पुढं सोडतात, फ्लॅश बंद. बोंडला अभयारण्याचं फाटक नऊला उघडतं, म्हणून धनेश आणि शेकरू त्याआधी बाहेरच्या रस्त्यावरच शोधतात. गुरुवारी बोंडला बंद. त्या दिवसाची तारीख घेऊ नका.

अशा सहलीला कुणी ‘सफारी’ म्हटलं तरी वाघ-बिबट्याची आशा धरू नये. गवा दिसू शकतो, तोही झाडोऱ्यात पाठमोरा.

दुर्बीण ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) आणा. १०×५० जड पडते, आणि दाट रानात तिचं अरुंद दृश्यक्षेत्र पक्षी हुकवतं. सहा जणांत एकच स्कोप कमी पडतो: चिखलपट्ट्यावर प्रत्येकाची पाळी येईपर्यंत थवा उडालेला असतो. छापील यादीही जुनी आहे. लहान वाळू-चिखल्या आता दोन वेगळ्या जातींत विभागला गेलाय, यादीत तो अजून एकच. वनखात्याचं प्रवेश आणि कॅमेरा शुल्क भाड्यात धरलेलं नाही, सुटे पैसे जवळ ठेवा. पाऊस लांबलेल्या वर्षी ऑक्टोबरात जळवा असतात, तेव्हा पायमोजे गुडघ्यापर्यंतचे हवेत.