काळी की पिवळी? रेफ्रीच्या पहिल्या किटचा हिशेब

फुटबॉल रेफ्रीची परीक्षा पास झालात, पहिला सामना मिळाला, आणि खिशात पैसे एकाच जर्सीपुरते आहेत. दुकानदार पिवळी पुढे करतो, कारण टीव्हीवर तशीच दिसते. जरा थांबा.

एके काळी हा प्रश्नच नव्हता. रेफ्री म्हणजे काळा. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 1992 मध्ये हिरवी जर्सी आणली आणि 1994 च्या वर्ल्ड कपमध्ये फिफानेही रंगाला मोकळीक दिली. नियम मात्र साधा आहे: दोन्ही संघ, दोन्ही गोलकीपर आणि रेफ्री, कुणाचा रंग कुणात मिसळता कामा नये. म्हणून टीव्ही बघू नका, तुमच्या भागातले संघ काय घालतात ते बघा.

पिवळीचा फायदा उन्हात कळतो. कोल्हापुरात मार्च-एप्रिलच्या दुपारी काळ्या कापडात नव्वद मिनिटं पळणं म्हणजे तव्यावर उभं राहणं. शिवाय उजेड कमी झाला तरी पिवळा लांबून उठून दिसतो. पण आपल्याकडे ब्राझीलचं वेड इतकं, की गल्लीतल्या तीन संघांत एक तरी पिवळा निघतोच. तो नसला तर गोलकीपर तरी पिवळाजर्द असतो. पावसाळ्यात कोकणातल्या, गोव्यातल्या तांबड्या मातीत हाफटाइमपर्यंत पिवळीचा रंग कोणता होता हे सांगावं लागतं.

काळी चिखल लपवते. तिची भांडणं गडद निळ्याशी. एकदा संध्याकाळी निळ्या संघातल्या पोराने मला सहकारी समजून सरळ पास दिला. चेंडू माझ्या पायाला लागून समोरच्या संघाकडे गेला आणि मलाच ड्रॉप बॉल द्यावा लागला, म्हणजे खेळ थांबवून चेंडू हाताने खाली टाकावा लागला. प्रेक्षक आठवडाभर हसले असतील.

तरीही पहिली जर्सी काळीच घ्या. कारण रंगाचं नाही, जोडीदारांचं आहे. रेफ्री आणि दोन्ही असिस्टंट, म्हणजे रेषेवरचे झेंडेवाले, एकाच रंगात दिसायला हवेत, आणि स्थानिक सामन्यांत बाकीच्या दोघांकडे हमखास असते ती काळीच. तुम्ही एकटे पिवळे गेलात तर जर्सी बॅगेतच राहील. पिवळी पहिल्या मानधनातून घ्या.

शिवून घ्या किंवा तयार घ्या, छातीचे दोन्ही खिसे झाकणाचे हवेत. पळताना कार्ड पडलं तर ते शोधायला कुणी थांबत नाही. पिवळं आणि लाल कार्ड एका खिशात कधीच ठेवू नका. बरेच जण लाल कार्ड चड्डीच्या मागच्या खिशात ठेवतात, म्हणजे रागाच्या भरात हात चुकीच्या कार्डावर जात नाही.

शिटीत कंजूषी नको. आत गोळी असलेली जुनी शिटी आवाजाला गोड, पण थुंकी आणि पावसाने गोळी अडकते, आणि ती नेमकी पेनल्टीच्या वेळी अडकते. बिनगोळीची शिटी, फॉक्स 40 सारखी, ओली झाली तरी वाजते. ती एका कॅनेडियन बास्केटबॉल रेफ्रीने काढली, त्यालाही हाच ताप झाला होता. मुंबईत आझाद मैदानासारख्या ठिकाणी शेजारी दुसरा सामना चालू असतो. तिथल्या रेफ्रीचीही शिटी तीच असेल तर त्याच्या फाउलवर तुमचे खेळाडू थांबतात. तेवढ्यासाठी गोळीवाली बॅगेत राहू द्या. दोरी गळ्यात नको, बोटात किंवा मनगटाला.

बूट काळे. गवतावर आणि चिखलात स्टडचे, म्हणजे तळाला खुंट असलेले, कृत्रिम टर्फवर बारीक दाण्यांचे. तिथे लांब स्टड गुडघ्याला नडतात.

घड्याळं दोन, साधी डिजिटल. एक चालू राहतं, दुसरं खेळ थांबला की थांबवायचं. कडं, चेन, अंगठी घरी काढून ठेवा. दागिन्यांची बंदी रेफ्रीलाही आहे, आणि टॉसच्या वेळी कॅप्टनला हातातलं कडं काढायला सांगताना त्याची नजर आधी तुमच्या मनगटाकडे जाते.