जळगावची स्कॉर्पिओ-एन, लाहौलचा बर्फ आणि नवी ड्रायव्हर : वापरानंतरचा अनुभव

पावसाळ्याच्या तोंडावर टायर घेतले, दिवाळीच्या आसपास बाकीचं सामान जमवलं, जानेवारीत गाडी हिमाचलमधल्या लाहौलला जाऊन आली आणि आता मे महिन्यात तीच गाडी जळगावच्या उन्हात रोज पळतेय. एवढ्या वापरानंतर लिहितोय, म्हणून निकाल आधीच सांगतो. पैसा टायरवर घाला आणि वेळ ड्रायव्हरवर. बाकीचं सामान या दोन गोष्टी झाल्यावर बघा.

गाडी महिंद्रा स्कॉर्पिओ-एन, डिझेल, मॅन्युअल, फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद देता येणारी. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, घाटात तासन्‌तास क्लच दाबणं जमत नाही. त्यामुळे मनालीच्या पुढचा पट्टा भाचीने चालवायचा आणि मी शेजारी बसायचं, हे निघण्याच्या कितीतरी आधी ठरलं होतं. तिचं लायसन्स नवं. हात चांगला, पण हायवे म्हणजे जळगाव-भुसावळ आणि जळगाव-धुळे एवढाच ओळखीचा. बर्फ तिने फक्त फ्रीजमध्ये पाहिलेला.

आपल्याकडे कोणालाही सांगा की बर्फात जातोय, तो म्हणतो, "फोर-बाय-फोर आहे ना, मग काय!" हा गैरसमज मला फार धोक्याचा वाटतो. फोर-बाय-फोर गाडी पुढे काढते. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांवर असतात, त्यामुळे थांबायच्या वेळी फोर-बाय-फोर आणि साधी गाडी सारखीच. जड एसयूव्ही तर उलट जास्त ओढली जाते. बर्फाळ रस्त्यावर थांबायला कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतर लागू शकतं. तिथे उपयोगी पडतं ते टायरचं रबर आणि ड्रायव्हरचा पाय.

टायरबद्दल आधी. साधारण 7 अंशांच्या खाली आपल्याकडच्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं आणि पकड सुटते, मग खाचा कितीही खोल असोत. म्हणून टायर घेताना बाजूच्या भिंतीवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचं फूल, हे चिन्ह शोधा. ते बर्फावरची चाचणी पास झालेल्या टायरलाच मिळतं. नुसतं 'एम प्लस एस' (मड प्लस स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असेल तर ते कंपनीने स्वतः खाचांच्या रचनेवरून लिहिलेलं असतं, त्यामागे अशी चाचणी असेलच असं नाही. मी टायरचं नाव देत नाहीये, कारण एकाच नावाच्या टायरमध्ये एका साइझला हे चिन्ह असतं आणि दुसऱ्या साइझला नसतं. दुकानदाराच्या सांगण्यावर जाऊ नका, बोट ठेवून चिन्ह पाहा. मी ऑल-टेरेन प्रकारातले, हे चिन्ह असलेले, मूळ साइझचेच चार घेतले. फक्त दोन बदलण्याचा विचारही करू नका. एका टोकाला पकड आणि दुसऱ्या टोकाला नाही, अशी गाडी वळणावर फिरते.

आता ज्या भागाबद्दल कोणी बोलत नाही तो. आपली गाडी उन्हाळ्यासाठी जुळवलेली असते आणि ते सगळं बर्फात उलटं पडतं.

पहिलं कूलंट. खान्देशात एप्रिल-मेमध्ये गाडी जरा तापली की मेकॅनिक बाटलीभर पाणी ओततो. दोन-तीन उन्हाळे असे गेले की टाकीत कूलंटचा रंग तेवढा उरतो. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते उणे 35 अंशांच्या आसपासपर्यंत गोठत नाही, पण पाणी वाढत गेलं की ही मर्यादा भराभर वर येते. गोठलेलं पाणी फुगतं आणि रेडिएटर किंवा ब्लॉक फोडतं. मी सगळं काढून नवीन भरायला लावलं आणि डिस्टिल्ड वॉटर स्वतः नेऊन दिलं. काचेवर पाणी मारायच्या टाकीचंही तेच. आपण तिथे नळाचं पाणी भरतो. ते पूर्ण रिकामं करून न गोठणारं वॉशर फ्लुइड भरलं.

दुसरी बॅटरी. बॅटरीला मारते उष्णता, पण ती मेलेली कळते थंडीत. 45 अंशांत तिचं आयुष्य गुपचूप कमी होतं, तरीही जळगावात गाडी सेल्फ मारल्याबरोबर सुरू होते, कारण उबदार हवेत अशक्त बॅटरीलाही काम भागवता येतं. शून्य अंशाला तिची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते आणि त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. तीन उन्हाळे पाहिलेली बॅटरी असेल तर लोड टेस्ट केल्याशिवाय निघू नका. माझी त्या टेस्टमध्ये काठावर आली, म्हणून बदलली. तो खर्च मला अजिबात खटकत नाही.

तिसरं डिझेल. थंडीत डिझेलमधलं मेण साकळतं आणि फिल्टर तुंबतो. मैदानी भागातून टाकी फुल करून वर जाऊ नये. आम्ही पाव टाकीवर मनालीत पोचलो आणि तिथे भरलं. लडाखसाठी इंडियन ऑइलने 2019 मध्ये उणे 33 अंशांपर्यंत न गोठणारं वेगळं डिझेल आणलं, यावरून हा प्रश्न किती खरा आहे ते कळेल. ज्यांच्या गाडीत डीईएफची (डिझेलचा धूर साफ करणाऱ्या द्रवाची) टाकी आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावं की ते उणे 11 अंशांना गोठतं. सिस्टिमला हीटर असतो, पण गाडीत ठेवलेल्या जादा कॅनला नसतो.

हवेच्या दाबाचा मुद्दा मला स्वतःला सगळ्यात रंजक वाटला. तापमान साडेपाच-सहा अंशांनी उतरलं की टायरमधला दाब साधारण 1 पीएसआयने (हवा भरताना सांगतो तोच आकडा) कमी होतो. त्या हिशेबाने जळगावच्या दुपारपासून लाहौलच्या पहाटेपर्यंत सहा-सात पीएसआय जायला हवेत. पण उंचीवर बाहेरच्या हवेचा दाबही कमी असतो, म्हणून गेजवरचा आकडा वर सरकतो. दोन्ही मिळून फरक बराच कमी राहतो. घरून अंदाजाने जास्त हवा भरून नेलीत तर तिथे टायर कडक राहतील. छोटा डिजिटल गेज आणि 12 व्होल्टचा पंप सोबत ठेवा, सकाळी गाडी हलवण्याआधी मोजा आणि मगच ठरवा.

ड्रायव्हरची तयारी आम्ही शेतात केली. यावलकडे आमचं कापसाचं आणि केळीचं रान आहे. जुलैच्या झडीत काळ्या मातीची गाडवाट अशी होते की टायरच्या खाचा गाऱ्याने भरून टायर गुळगुळीत होतो आणि गाडी बर्फावर असल्यासारखी स्वतःच्या मर्जीने जाते. शिकायला याहून चांगली आणि फुकट जागा नाही. खताच्या रिकाम्या गोण्यांत पऱ्हाटी (कापसाच्या वाळक्या काड्या) कोंबून त्या वाटेवर ठेवल्या आणि तिला सांगितलं, वीसच्या वेगाने ये आणि गोणीच्या आधी थांब.

पहिल्यांदा तिने ब्रेक दाबला, एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) चालू झालं, पेडल पायाखाली थरथरलं, खडखड आवाज आला आणि तिने घाबरून पाय उचलला. गाडी गोणी चेपून पुढे गेली. नवा ड्रायव्हर नेमका इथे चुकतो. कोरड्या रस्त्यावर एबीएसची थरथर कधी अनुभवलेलीच नसते, त्यामुळे काहीतरी तुटलं असं वाटतं. "पाय उचलू नको, दाबून ठेव, स्टिअरिंग हातात आहे तुझ्या," एवढंच मी सांगत राहिलो. ट्रॅक्टर घेऊन बांधावर उभा असलेला आमचा सालदारही ओरडला, "ताई, घाई नका करू, हयूहयू निंघी जाई!" गाडी रुतली तर काढायला तो होता आणि दोरी कुठे अडकवायची हेही तिथेच शिकवून झालं.

पुढचे काही रविवार हेच. दुसऱ्या गिअरवर, अॅक्सिलरेटर जवळपास न देता, क्लचवर गाडी उचलणं. घसरताना क्लच न दाबणं, कारण दाबला की चाकं इंजिनपासून सुटतात. ब्रेक, स्टिअरिंग आणि अॅक्सिलरेटर यांतली एका वेळी एकच गोष्ट करणं. जायचंय तिकडे नजर ठेवणं. खड्ड्याकडे पाहिलं की हात आपोआप तिकडे वळतात. एक फरक मात्र तिला पुन्हा पुन्हा सांगितला: चिखल चाकाला धरतो, बर्फ धरत नाही. चिखलात गाडी शेवटी थांबतेच, म्हणून तिथल्या अंतरावर विसंबायचं नाही.

धुक्याचा सराव तोरणमाळला झाला, उताराचा चाळीसगावजवळच्या कन्नड घाटात. ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेक फक्त अधूनमधून. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियमच आहे. आणि एक सवय मुद्दाम मोडली. आपण वर्षभर एसीची हवा आतल्या आत फिरवतो. थंडीत तसं केलं की काच आतून धुरकटते. बाहेरची हवा, एसी चालू आणि तापमान गरम, असं केलं की काच मिनिटभरात साफ. तिची बोटं न बघता ते बटण शोधू लागली तेव्हा मला बरं वाटलं.

प्रवासाबद्दल थोडक्यात. धुळ्याहून जाणारा 52 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग इंदूर, कोटा, जयपूर करत हिसारपर्यंत नेतो, त्यामुळे वाट शोधायची दगदग नाही. पुढे किरतपूरहून मंडी, कुल्लू, मनाली. मनालीत मुक्काम केलाच पाहिजे. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर, मनाली 2,000 आणि तिथून लाहौलला नेणारा अटल बोगदा 3,000 मीटरच्या वर. डोकं दुखणाऱ्या ड्रायव्हरचे निर्णय उशिरा होतात. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा आणि वायपर वर उचलून ठेवा. काचेवर गरम पाणी टाकायचं नाही, तडकते.

रात्री बर्फ पडला होता, म्हणून सोलंगच्या पुढे पोलीस फोर-बाय-फोर किंवा चेन लावलेल्याच गाड्या सोडत होते. आम्ही चढाला चारही चाकांना चेन लावल्या. एकच जोडी असेल तर गाडीचं मॅन्युअल सांगतं त्याच चाकांना लावा. घरी अंगणात आम्ही त्या इतक्यांदा लावल्या-काढल्या होत्या की लोकरी हातमोज्यांवर रबरी मोजे घालूनही भाचीने त्या सहज बसवल्या. थोडं अंतर जाऊन पुन्हा ताणायच्या, चाळीसच्या आत चालवायचं आणि डांबर दिसलं की काढायच्या. बोगद्याच्या अलीकडे काढल्या. बोगदा 9 किलोमीटरचा, आतून कोरडा. तिथे फोर-हाय, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी सोयसुद्धा काढून टाकली, कारण या गाडीत ते लावलं की पुढचा-मागचा एक्सल एकत्र बांधला जातो आणि कोरड्या रस्त्यावर वळताना गिअरवर ताण येतो.

परीक्षा झाली ती पलीकडे, सिस्सूकडे उतरताना. रस्ता काळा आणि ओला दिसत होता, पण सावलीतला तो पट्टा पारदर्शक बर्फाचा होता. वळणापलीकडे एक टॅक्सी आडवी अडकलेली. भाचीने अॅक्सिलरेटर सोडला, तिसऱ्यावरून दुसरा टाकला, क्लच हळुवार सोडला, मग ब्रेक. पेडल थरथरायला लागलं. तिचा पाय खालीच राहिला. गाडी सरकत सरकत टॅक्सीपासून चांगली चार-पाच गाड्यांचं अंतर ठेवून थांबली. "मामा, पाय नाही उचलला," ती म्हणाली, तेही समोरून नजर न काढता. आमच्या मागच्या दोन गाड्या कडेच्या बर्फाच्या ढिगात शिरल्या. सुदैवाने कोणाला लागलं नाही.

सामानापैकी काय उपयोगी पडलं? छोटं फावडं, बारदान आणि कोरड्या वाळूची पिशवी. त्या दोन गाड्यांपैकी एक आम्ही चाकाखाली बारदान टाकूनच काढली. पातळ तळव्याचे बूट हेही महत्त्वाचे. जाड स्नो-बूट घालून पेडल कळत नाही. भारीतले एलईडी लाइट, छतावरचं कॅरिअर यांचा काही उपयोग झाला नाही. चेनच्या एका जोडीचा ताण देणारा रबर तिथेच तुटला. विक्रेत्याने बदलून दिला नाही, म्हणून जादा रबर आणि लोखंडी तार सोबत असू द्या. आणि कृपा करून बर्फात अडकून गाडी चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सर बर्फात बुजला की विषारी वायू आत येतो आणि तो वासावरून कळत नाही.

आता उन्हाळ्यातला हिशेब. टायर ताशी 80 च्या वर घोंघावतात, जुन्या टायरपेक्षा स्पष्ट जास्त. मायलेज लिटरमागे एक किलोमीटरच्या आसपास घटलंय. खाचांत खडी अडकते, ती काढावी लागते. रबर उन्हात किती झिजेल याची धास्ती होती, पण पुढचे-मागचे टायर वेळेवर अदलाबदल करून झीज आतापर्यंत सारखी आहे. पावसाळ्यात शेतरस्त्याला ते इतके उपयोगी आहेत की मी जुने परत बसवणार नाही. ज्यांची गाडी फक्त शहरात फिरते आणि बर्फात एकदाच जायचंय, त्यांनी मात्र एवढा खर्च करू नये. वरच्या पट्ट्यासाठी मनालीहून तिथल्या ड्रायव्हरसह गाडी घ्यावी.

चेन धुऊन, वाळवून, तेल लावून ठेवल्यात. येत्या हिवाळ्यात अमळनेरचा मित्र त्याच्या मुलासोबत त्या घेऊन जाणार आहे. त्याला एकच अट घातलीय: आधी दोघांनी झडीत आमच्या रानात यायचं. गोण्या भाची मांडणार आहे.