एस्टेट सेल: दिवाणखान्यात रेंगाळू नका, सरळ तळघर गाठा

आधीच सांगून टाकतो, हा अभिप्राय टूलरूममधल्या माणसाचा आहे. उभी हयात भोसरीत डाय (साचे) आणि जिग-फिक्श्चर (मशिनवर काम पकडून धरायची साधनं) करण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून अधूनमधून लेकीकडे येऊन राहतो, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये वूस्टरजवळ. एस्टेट सेलमध्ये कपबशा, गालिचे, दागिने, डुलत्या खुर्च्या सगळं असतं. त्यातलं मला काडीचं कळत नाही, त्यासाठी दुसऱ्या कुणाचं वाचा. मी बोलणार ते हत्यारं आणि मोजमापाच्या साधनांबद्दल. तेवढ्यापुरते पाचपैकी साडेतीन तारे. कापलेल्यांतला अर्धा तारा इथल्या तळघरांच्या जिन्यांनी खाल्ला.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. घरातलं म्हातारं माणूस गेलं, किंवा घर सोडून वृद्धांच्या वसतिगृहात राहायला गेलं, की मुलं अख्खं घर एका एजन्सीच्या हवाली करतात. एजन्सी वस्तूवस्तूला किमतीची चिठ्ठी चिकटवते, दोन-तीन दिवस दार उघडं ठेवते आणि विक्रीतला हिस्सा घेते. तीस-चाळीस टक्के सहज. फोटो आधी एस्टेटसेल्स डॉट नेटवर येतात, नेमका पत्ता बहुधा आदल्या दिवशी कळतो. सकाळी दारात नंबर लावायचा, नंबराप्रमाणे आत सोडतात. पहिल्या दिवशी चिठ्ठीवरचा भाव, दुसऱ्या दिवशी थोडा उतरतो, शेवटच्या दिवशी बहुतेक निम्म्यावर येतो. माल परत घेत नाहीत. जसा आहे तसा न्यायचा.

आपल्या पुण्यातल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार मी वर्षानुवर्षं फिरलोय. तिथे घासाघीस करायला जी मजा येते ती इथे नाही. पण तिथे हत्यार चादरीवर पडलेलं असतं, ते कुणी कसं वापरलं ते कळायला मार्ग नसतो. इथे ज्याचं हत्यार त्याचंच कामाचं बाक समोर असतं. कानशींचे दांडे कसे बसवलेत, ड्रिल बिट मापाप्रमाणे लावलेत की डब्यात कोंबलेत, व्हाइसच्या (बाकावरच्या शिकंज्याच्या) जबड्यावर हातोड्याचे घाव आहेत का, एवढं बघितलं तरी पेटीत काय दर्जाचा माल असणार ते ओळखता येतं.

हा भाग तर अशा मालाचं माहेरच. ग्राइंडवेल नॉर्टनची ग्राइंडिंगची चाकं ज्यांनी वापरली त्यांना नॉर्टन हे नाव सांगायला नको. ती मूळ कंपनी वूस्टरची, 1885 सालची. आतल्या व्यासाचं ग्राइंडिंग करणारी हील्डची मशिनंही याच गावची. मोजमापाची साधनं करणाऱ्या स्टॅरेटचा कारखाना ॲथॉलमध्ये, इथून तासाभराच्या अंतरावर, 1880 पासून. रंधे बनवणारी स्टॅन्ली कंपनी शेजारच्या कनेटिकटमधल्या न्यू ब्रिटनची. या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या लोकांची घरं आता रिकामी होतायत. त्यामुळे ज्या हत्यारांसाठी आम्ही स्टोअरकीपरकडे पितळी बिल्ला जमा करून सही करायचो, ती इथे बुटांच्या खोक्यात पडलेली दिसतात.

एका घरातलं सांगतो. वरच्या मजल्यावर ही गर्दी, खाली तळघरात मी आणि आमचे जावई. बाकाखाली केनेडी कंपनीची तपकिरी पत्र्याची पेटी होती, त्या खरखरीत सुरकुत्या पडलेल्या रंगाची. वरच्या खणात तेलकट फडक्यात गुंडाळलेला स्टॅरेटचा शून्य ते एक इंचाचा मायक्रोमीटर, म्हणजे आट्यांवर फिरवून बारीक माप घ्यायचं हत्यार. क्रोम नाही, चकाकी नाही, फ्रेम काळवंडलेली. चिठ्ठी आठ डॉलरची. शेजारीच पाना-सॉकेटचा एक चकचकीत नवा संच होता, त्याला साठ.

अशा वेळी माझ्या खिशात बेअरिंगमधली अर्ध्या इंचाची गोळी असते. बेअरिंगच्या गोळीइतकं खात्रीचं आणि फुकटचं माप दुसरं नाही. आधी मायक्रोमीटरच्या दोन तोंडांमध्ये कोरा कागद हलकेच धरून ओढून काढला, म्हणजे वाळलेलं तेल आणि कचरा निघून जातो. मग रॅचेटने, म्हणजे ठराविक दाबाला घसरणाऱ्या मागच्या खुंटीने, मिटवला. शून्य रेषेच्या किंचित बाजूला. जावई म्हणाले, "बाबा, बिघडलाय वाटतं." म्हटलं, शून्य सरकलेलं असलं तर तो बिघाड नव्हे, स्लीव्ह (शून्य रेषेची आतली नळी) छोट्या पान्ह्याने फिरवून जागेवर आणता येते. बिघाड शोधायचा तो आट्यांत. म्हणून थिंबल (बाहेरची फिरती नळी) एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटाच्या पेराने फिरवलं. कुठे सैल, कुठे घट्ट लागतंय का? माणूस आयुष्यभर एकाच मापाचे शाफ्ट मोजत असेल तर नेमके तेवढेच आटे झिजतात आणि तिथे बोटाला पोकळ लागतं. इथे सगळीकडे सारखा लोण्यासारखा फिरत होता. गोळी धरली. शून्याला जेवढा फरक होता तेवढाच अर्ध्या इंचाला, पाव थाऊसुद्धा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) इकडेतिकडे नाही. घेतला.

आता मुद्द्याचं. एजन्सीच्या बायका हुशार असतात, पण किंमत लावताना त्या दोनच गोष्टी बघतात: वस्तू चमकते का, आणि फोनवर फोटो काढून शोधल्यावर काय भाव दिसतो. म्हणजे ज्याची किंमत नावावरून ठरते तिथे तुम्हाला काही फायदा उरत नाही. स्टॅन्लीचा जुना रंधा घ्या. पात्यामागच्या ओतीव भागात 1902, 1902 आणि 1910 अशा पेटंटच्या तीन तारखा असल्या की तो साधारण 1910 ते 1918 मधला, एवढं आता कुणीही फोनवर बघून सांगतं आणि त्याप्रमाणे भाव लावतं. पण त्याच रंध्याच्या तोंडाशी केसाएवढी भेग आहे का, हे फोन सांगत नाही. तशी भेग असलेला रंधा मी पूर्ण भावाला विकला जाताना पाहिलाय. ज्या मालाची पारख बोटांनीच होते, त्यातच आपल्यासारख्याला फायदा आहे: मायक्रोमीटर, डायल इंडिकेटर (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक), व्ही-ब्लॉक (गोल काम ठेवायचा खाचेचा ठोकळा), सरफेस गेज (ठराविक उंचीवर रेघ मारायचं साधन), कॉम्बिनेशन स्क्वेअर.

कॉम्बिनेशन स्क्वेअर म्हणजे आपला सरकता गुण्या. तो शोधून काढला तोच मुळी लरॉय स्टॅरेटने, पेटंट 1879 चं. त्याची परीक्षा तिथल्या तिथे होते. सरळ कडेची फळी शोधा, गुण्या लावून टोकदार पेन्सिलीने रेघ मारा, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारा. दोन्ही एकावर एक बसल्या तर काटकोन खरा. फाकल्या तर ठेवून द्या, कितीही गोजिरा दिसला तरी.

वाद्यांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. माळ्यावर व्हायोलिनची पेटी निघते, आत वाकून बघितलं की चिठ्ठी: अँटोनियस स्ट्रॅडिव्हेरियस, क्रेमोना, सतराशे अमुक. व्हायोलिनच्या एवढ्या नावाजलेल्या कारागिराचं नाव बघून आमच्या जावईबापूंचे डोळे विस्फारले होते. अशा चिठ्ठ्या जर्मनी-बोहेमियातल्या कारखान्यांनी ढिगाने चिकटवल्या, आणि ती व्हायोलिनं इथे टपालाच्या कॅटलॉगमधून घरोघर गेली. त्याच चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात ‘जर्मनी’ छापलेलं असेल तर विषयच संपला. अमेरिकेच्या 1890 च्या मॅकिन्ली कायद्याने बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं, त्यानंतरचा तो माल. नातवंडाला शिकायला म्हणून स्वस्तात मिळालं तर जरूर घ्या. घबाड म्हणून घेऊ नका.

तक्रार एकच, पण मोठी. एका एजन्सीच्या फोटोंत गर्स्टनरची ओकची पेटी होती. डेटन, ओहायोची ही कंपनी 1906 पासून मशिनिस्टांच्या पेट्या करते. आत हिरवी बनात, लहान-मोठे खण, पुढची फळी खाली सरकून आत जाते. खण भरलेले दिसत होते. अंधारात उठून पहिल्या दहात नंबर लावला. आत गेलो तर बाकावर पेटीच्या आकाराची धूळ नसलेली चौकट. विचारलं तर बाई गोड हसून म्हणाल्या, "ती काल संध्याकाळीच गेली." म्हणजे दार उघडायच्या आधीच कुण्या व्यापाऱ्याला दिली. मग फोटो कशाला लावता? लोकांना थंडीत उभं करायला? सगळे असं करत नाहीत. पण आता मी आदल्या दिवशी फोन करून विचारतो, अमुक वस्तू उद्या सकाळी तिथे असेल ना. सरळ उत्तर मिळालं नाही तर जात नाही.

शेवटच्या दिवशीच्या निम्म्या भावाची वाट बघण्याबद्दलही बोलतो. व्हाइस, ऐरण, ड्रिल प्रेस असा जड माल असेल तर वाट बघा, तो जिन्यावरून चढवायच्या भीतीने कुणी घेत नाही. मोजमापाच्या हत्यारांसाठी थांबू नका. खिशात मावणारी चांगली वस्तू शुक्रवारी दुपारपर्यंत टिकत नाही, आणि आठ डॉलरचे चार करायला रविवारपर्यंत थांबणं हा काही शहाणपणा नव्हे.

भारतात न्यायचं असेल तर दोन गोष्टींचा विचार करा. हा सगळा इंची माल. आट्यांचा पिच इंचाला चाळीस, थिंबलवर पंचवीस रेघा; आपल्या मिलिमीटरवाल्या पोरांच्या हातात दिला तर ती गोंधळतात. कॉम्बिनेशन स्क्वेअरचा काटकोन, व्ही-ब्लॉक, पोगर (खुणेचा पंच), बिनआकड्यांचे कॅलिपर यांना मात्र इंच काय नि मिलिमीटर काय. दुसरं वजन. विमानात बहुतेक तेवीस किलोची बॅग, आणि लोखंड किती भराभर तेवीस किलो होतं ते लेकीला विचारा, तिचे ड्रायफ्रूट दर वेळी माझ्या व्ही-ब्लॉकांसाठी बाहेर निघतात. सात इंचांपेक्षा लांब हत्यार हातातल्या बॅगेत चालत नाही, ते चेक-इनमध्येच टाकायचं.

आणि विमानातली जुनी घड्याळं-मीटर कुठे दिसले, आकडे पिवळट-तपकिरी रंगाने रंगवलेले, तर मोह आवरा. त्या रंगात बऱ्याचदा रेडियम असतं. उजेड पडायचा थांबला तरी किरणोत्सार चालूच असतो. काच फुटलेली असेल तर हातसुद्धा लावू नका, नातवंडं असलेल्या घरात तर आणूच नका.