डिफ्युझरचा मोडलेला खटका आणि माझे लाटदार केस : दहा महिन्यांच्या वापरानंतर

हरितालिकेच्या दिवशी, २६ ऑगस्ट २०२५ला, सकाळी साडेसहा वाजता मान खाली घालून केस वाळवत होते आणि डिफ्युझर, म्हणजे वाऱ्याचा झोत पसरवायला ड्रायरच्या तोंडाला लावायची वाटी, निसटून थेट बेसिनमध्ये पडला. उचलून पाहिलं तर आतला एक खटका मोडलेला. डिफ्युझर ड्रायरच्या तोंडाला धरून राहतो तो तीन प्लॅस्टिकच्या खटक्यांवर, आणि एकेक खटका जेमतेम भाताच्या शिताएवढा. दोन शिल्लक आहेत, पण त्यांचा उपयोग नाही. ड्रायर सरळ उभा धरला तर वाटी जागेवर राहते, जरा कलवला की पडते. आणि डिफ्युझर कधीच सरळ धरून वापरत नाहीत. मान वाकवायची, बटा वाटीत गोळा करायच्या, वाटी टाळूपर्यंत न्यायची, हीच तर त्याची पद्धत. ज्या एका कोनात वस्तू वापरायची त्याच कोनात ती टिकत नसेल, तर ती बनवणाऱ्याने ती कधी स्वतःच्या डोक्याला लावून पाहिली होती का?

ड्रायर नेहमीचाच, १६०० वॅटचा, दोन वेग, दोन तापमानं आणि थंड हवेचं बटण. २०२४च्या दिवाळीच्या सेलमध्ये २,२९९ रुपयांना घेतला. त्याच कंपनीचा तेवढ्याच वॅटचा, पण डिफ्युझर नसलेला ड्रायर तेव्हा १,३९९ला होता. म्हणजे या वाटीचे मी वेगळे ९०० रुपये मोजले आहेत. सर्व्हिस सेंटरच्या माणसाला मी हेच सांगत होते.

"ड्रायर चालू आहे ना, मॅडम? मग वॉरंटीत काय बसणार?"

"अहो, खोक्यावर सगळ्यात मोठं चित्र कशाचं आहे ते बघा. मी वाटीसाठीच घेतलाय हा."

"अटॅचमेंट वॉरंटीत येत नाही. आणि सुटी मिळतही नाही. एक्स्चेंजमध्ये नवीन पीस घ्या, ३०० रुपये कमी करून देतो."

दोन वर्षांची वॉरंटी असलेली वस्तू दहाव्या महिन्यात निकामी होते आणि उपाय म्हणून मी आणखी दोन हजार घालायचे, हे मला पटलं नाही, पटणारही नाही. घरी येऊन ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ला, फोन करून तक्रार नोंदवली. बिल आणि खोक्याचे फोटो जपून ठेवले होते, तेवढं एक बरं झालं.

आता मुळात हा ड्रायर घेतला का, ते सांगते. माझे केस ना सरळ ना कुरळे. कानापर्यंत सपाट आणि तिथून खाली नागमोडी. ओले असताना सुंदर लाटा दिसतात, वाळले की पिंजलेल्या कापसासारखे. लहानपणी आई घट्ट दोन वेण्या घालून प्रश्न मिटवायची. डिसेंबर २०२२मध्ये मावसबहिणीच्या लग्नाआधी मी पार्लरमध्ये ६,५०० रुपये देऊन स्मूदनिंग केलं. स्मूदनिंगमध्ये केसांतले गंधकाचे बंध औषधाने तोडतात, इस्त्रीने केस सरळ करतात आणि दुसऱ्या औषधाने ते बंध पुन्हा त्याच सरळ आकारात पक्के करतात. औषध लागलेला केस कायमचा सरळ राहतो, पण मुळातून येणारा नवा केस आपल्या जातीवरच येतो. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो. सहा महिन्यांत माझ्या डोक्यावर दोन वेगळ्या बायकांचे केस होते, वर लाटा आणि खाली दोऱ्या. पार्लरवाल्या ताईंचं उत्तर एकच, "रूट टचअप करून घ्या." म्हणजे मुळाकडच्या नव्या केसांना तेच औषध, आणि दर काही महिन्यांनी पुन्हा तीनेक हजार. ते मी केलं नाही, आणि आज त्याचं समाधान वाटतं.

ऑक्टोबर २०२४मध्ये, दसरा झाल्यावर, ठाण्यातच कोरडे केस कापणाऱ्या एका बाईंकडे गेले. त्यांनी १,२०० रुपये घेतले. एवढे पैसे कापण्याला मी आयुष्यात कधी दिले नव्हते आणि देताना हात जड झाला होता. त्यांनी केस धुतले नाहीत, विंचरले नाहीत, पाण्याचा फवाराही मारला नाही. जशी लाट पडली होती तशी एकेक बट हातात घेऊन कापली. ओला केस ताणला जातो, वाळला की लाट वर ओढते. त्यामुळे ओल्या केसांवर मारलेली सरळ रेष वाळल्यावर सरळ राहतच नाही. माझ्या जुन्या फ्रिंजचं दरवेळी हेच व्हायचं. भुवईपर्यंत म्हणून कापायची आणि वाळली की अर्ध्या कपाळावर जाऊन बसायची.

लांबी गळ्याच्या हाडाच्या थोडी खाली, मागून यू आकार, लेयर्स (कमी-जास्त लांबीचे थर) लांब आणि सगळ्यात आखूड लेयरही हनुवटीच्या खाली. थिनिंगची कात्री मी आधीच नको म्हणून सांगितली होती, त्या म्हणाल्या, "माझ्याकडे ती नाहीच." दाट केस हलके करायचे म्हणून पार्लरमध्ये सर्रास ही दातेरी कात्री चालवतात. तिने जागोजागी आखूड केस तयार होतात आणि तेच पुढे लांब केसांतून उभे राहतात. निम्मं फ्रिझ, म्हणजे केसांचा भुरभुरीतपणा, मला त्या कात्रीने दिलं होतं, हे मला पंधरा वर्षांनी कळलं. उलट लेयर्स अजिबात न घेता दाट लाटदार केस एका रेषेत कापले तर टाळूला चपटे आणि खाली पसरट, असा त्रिकोण होतो. कॉलेजभर मी तो त्रिकोण घेऊन वावरले. भांग मधून काढून बाजूला नेला तर मुळाशी उठाव येतो, हे मात्र फुकटात होणारं काम आहे, आजच करून पाहा.

सुरुवातीचे सहा-सात महिने मी ड्रायरला पाचपैकी दोनच गुण दिले असते. नोव्हेंबर ते मार्च केस पंख्याखाली दीड तासात वाळायचे आणि लाटा तशाही छान पडायच्या. ड्रायर कपाटात पडून होता. ते २,२९९ रुपये मला रोज डाचत होते.

त्याच काळात ६५० रुपयांचं एक तयार जेल आणलं होतं. जानेवारीत त्याने कमाल केली, म्हणून एप्रिलमध्ये दुसरी बाटलीही घेतली. २०२५मध्ये २६ मेलाच मान्सून मुंबईत आला आणि तेच जेल लावून त्याच हातांनी केस सेट केले तर दहाच्या सुमारास डोक्याभोवती धुकं. लेबल वाचलं तर पाण्यानंतर लगेच ग्लिसरीन. ग्लिसरीन ओलावा ओढून घेतं. हवा बेताची असेल तर ते चांगलंच, पण जुलैत इथली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते, तेव्हा ते बाहेरचं पाणी केसात भरत राहतं आणि केस फुगतो. केस हवेतल्या ओलाव्याला इतका हळवा असतो की जिनिव्हाच्या सोस्यूर या शास्त्रज्ञाने १७८३ साली त्याच्यावर चालणारा आर्द्रतामापक जगापुढे ठेवला. कोरड्या हवेतून पूर्ण दमट हवेत गेलं की केस साधारण दोन-अडीच टक्के लांब होतो, त्यावरच तो काटा फिरतो. हे वाचल्यावर मी बाटल्यांना दोष देणं सोडलं आणि ऋतू बघून वस्तू लावायला लागले. दुसरी बाटली थंडीसाठी ठेवून दिली.

पावसाळ्याचं जेल घरचं. दोन चमचे जवस, एक कप पाणी, मंद आचेवर सात-आठ मिनिटं. वर पांढरा फेस येऊन पळीवरून तार सुटायला लागली की गॅस बंद, आणि गरम असतानाच जुन्या पातळ ओढणीतून पिळून घ्यायचं. गार झाल्यावर गाळायला गेलात तर एक थेंब खाली येणार नाही. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. पाव किलो जवस ४० रुपयांना आली, आणि तेवढ्यात माझा अख्खा पावसाळा निघाला.

बाकी दिनक्रम साधा. न्हाण्याच्या आदल्या रात्री खोबरेल तेल, अगदी थोडं. २००३मध्ये मुंबईच्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसांतून प्रथिनं निघून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलनं, कारण ते आत शिरतं. ते दोघे तेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही लक्षात ठेवावं, पण माझ्या केसांचा अनुभव त्यांच्याच बाजूचा आहे. गुंता काढायचा तो कंडिशनर असतानाच, जाड दातांच्या फणीनं, टोकांकडून मुळांकडे. मग केस ठिबकत असतानाच जेल, आणि पाणी टिपायला टर्किश टॉवेल नाही, बाबांचा जुना पंचा. तो मऊ असतो, केस खरवडत नाही. उशीला आईच्या फाटलेल्या रेशमी साडीचा अभ्रा.

आणि इथे ड्रायरबद्दलचं माझं मत पूर्ण फिरलं. पावसाळ्यात माझे केस पंख्याखाली वाळायला तीन तास घेतात. केस ओला असताना त्यातले हायड्रोजन बंध सुटलेले असतात आणि वाळताना तो ज्या आकारात असेल तिथे ते पुन्हा जुळतात. ७:४२ची लोकल पकडणारी बाई तीन तास केस न हलवता कशी बसणार? अर्धे ओले केस घेऊन डब्याच्या दारातला वारा खाल्ला की ते भुरभुरीत आकारातच वाळतात. डिफ्युझर वाऱ्याचा झोत पसरवून मंद करतो, त्यामुळे बटा न उडता जागच्या जागी वाळतात. कमी वेग, कमी उष्णता, २० मिनिटं. पूर्ण जोरावर चालवला तरी तेवढ्यात जेमतेम अर्धं युनिट जळतं. वाळल्यावर जेलचा जो कडकपणा येतो तो हाताने चुरगाळून मोडायचा, पण केस शंभर टक्के वाळल्यावरच. जून-जुलैत ऑफिसमध्ये तीन जणींनी "केस कुठे सेट केलेस?" म्हणून विचारलं. तेव्हा मी या वस्तूला साडेचार गुण दिले असते, आणि म्हणूनच त्या खटक्याचा मला एवढा राग आहे. चांगली मोटर, योग्य तापमान, हातात हलका, आणि सगळं एका शिताएवढ्या प्लॅस्टिकवर टांगलेलं.

गणपतीचे दिवस डिफ्युझरशिवाय काढले. रात्री न्हायचं, जवळजवळ वाळलेल्या केसांच्या दोन सैल वेण्या घालायच्या आणि सकाळी सोडायच्या. लाटा जरा मोठ्या पडल्या, थोडं फ्रिझ राहिलं, पण आकार कुठेही बिघडला नाही. गौरीच्या दिवशी सैल अंबाडा घालून गजरा माळला तर सुटलेल्या बटासुद्धा मुद्दाम काढल्यासारख्या दिसत होत्या. तो सगळा कापण्याचा गुण. माझ्याकडे पुन्हा ३,५०० रुपये खर्चायला असते तर १,२०० आधी कापण्याला दिले असते, ४० जवसाला, आणि ड्रायरचा विचार मेमध्ये केला असता.

तक्रारीला तीन आठवडे झाले. कंपनीने "ग्राहकाला एक्स्चेंज देऊ केले आहे" एवढंच कळवलं, मी ते अमान्य केलं आहे. दरम्यान ३५० रुपयांचा कोणत्याही ड्रायरला बसणारा सिलिकॉनचा डिफ्युझर आणला. तो खटक्यांवर नाही, रबरासारखा ताणून नळीवर घट्ट बसतो. तीन वेळा वापरला, उलटा धरूनही हलला नाही. टाळूजवळ थोडा कमी वाळतो, म्हणून पाच मिनिटं जास्त लागतात. नवीन घेणाऱ्यांनी साधा ड्रायर आणि हा सिलिकॉनचा डिफ्युझर घ्यावा, मी पाहिलेल्या किमतींत १,७४९मध्ये काम झालं असतं. घेतलाच असेल तर खटक्यांवर एक नजर ठेवा, आणि वाटी काढताना पिळू नका, सरळ ओढा.

परवा त्याच बाईंकडे ट्रिमला गेले होते. स्मूदनिंगची शेवटची तीन सेंटिमीटर टोकं त्या दिवशी जमिनीवर पडली. आता सगळे केस माझे आहेत.