दोघी आई, एक नात आणि चित्रपुस्तके : नऊ महिन्यांच्या वाचनानंतर

माझी मुलगी आणि तिची बायको टोरांटोला राहतात. त्यांची लेक, म्हणजे माझी नात, आता साडेतीन वर्षांची आहे; ती माझ्या मुलीला ‘आई’ म्हणते आणि मूळच्या माँट्रियलच्या असलेल्या माझ्या सुनेला ‘मामन’, म्हणजे फ्रेंचमध्ये आई. मी सहा महिने त्यांच्याकडे राहून आले आणि परतल्यापासून गेले तीन महिने पुण्याहून रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, तिला व्हिडिओ कॉलवर गोष्ट वाचून दाखवते. या नऊ महिन्यांत दोन आई किंवा दोन बाबा असलेल्या घरांची जी पुस्तके आम्ही वाचली, त्यांपैकी कोणती टिकली आणि कोणती मागे पडली, हे माझ्यासारख्या आजी-आजोबांसाठी लिहून ठेवते आहे.

सर्वाधिक वापर झाला तो लेस्लीया न्यूमन यांच्या ‘मॉमी, मामा अँड मी’ या 2009 सालच्या पुस्तकाचा. जाड पुठ्ठ्याची पाने, प्रत्येक पानावर एखादी ओळ आणि एका लहान मुलाचा दिवस : खेळ, पेल्यातले पेय, अंघोळ आणि शेवटी अंथरुणात मिळालेली दोघींची पापी. यात दोन आई का आहेत, याविषयी एक शब्दही नाही, आणि माझ्या मते या पुस्तकाचे सगळे बळ तिथेच आहे. पहिल्या दिवशी मी शीर्षक जसेच्या तसे वाचले तेव्हा नातीने चित्राकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिले, कारण तिचा मामा म्हणजे माझा मुलगा, जो दर रविवारी नाशिकहून फोनवर तिला चिऊ-काऊची गोष्ट सांगतो, आणि चित्रात तर बाई होती. ‘मामा नाही, मामन,’ असे तिने मला सांगितले. त्यानंतर मी इंग्रजी ओळी सोडून चित्रांवरून माझ्याच ओळी म्हणू लागले. ‘आई घालते पायात बूट, मामन म्हणते, चल गं, ऊठ,’ ही ओळ तिला इतकी पाठ झाली की सकाळी बूट घालताना ती स्वतःच म्हणते. टिकाऊपणाबद्दल सांगायचे तर कोपरे चावून मऊ झाले आहेत आणि एका पानाचे पापुद्रे सुटले आहेत. बांधणी मात्र अजून पक्की आहे.

त्याच लेखिकेचे ‘हेदर हॅज टू मॉमीज’ हे 1989 चे पुस्तक या प्रकारातले फार जुने आणि गाजलेले. हेदरचा आवडता आकडा दोन; तिला हात दोन, पाय दोन आणि आईही दोन. आम्ही ग्रंथालयातून आणली ती 2015 ची, नव्या चित्रांची आवृत्ती. तीन वर्षांच्या मुलीला त्यातला मजकूर जास्त होतो, त्यामुळे आम्ही अर्धेच वाचून थांबत असू. पाच वर्षांच्या सुमारास ते पुन्हा आणायचे ठरवले आहे. मराठीत सांगताना मला अडले ते अनेकवचनापाशी. ‘दोन आया’ म्हटले की आपल्याला पाळणाघरातल्या आया आठवतात. बराच विचार करून मी ‘दोघी आई’ असे म्हणू लागले. व्याकरणात ते बसत नसेल, आमच्या घरात बसले आहे.

‘अँड टँगो मेक्स थ्री’ हे 2005 चे पुस्तक न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क प्राणिसंग्रहालयातल्या रॉय आणि सायलो या दोन नर पेंग्विनांच्या खऱ्या हकिकतीवर आधारलेले आहे. हे पेंग्विन दगडगोट्यांचे घरटे करतात. त्या दोघांनी अंडे समजून एक दगडच उबवायला घेतला, तेव्हा तिथल्या कर्मचाऱ्याने त्यांना दुसऱ्या जोडीचे खरे अंडे दिले आणि त्यातून टँगो जन्मली. दगडावर बसण्याचे पान नातीने इतक्या वेळा उलटले की त्याची कड फाटली. अमेरिकेत ग्रंथालयांतून काढून टाकण्याची मागणी झालेल्या पुस्तकांच्या यादीत हे पुस्तक 2006 पासून सलग तीन वर्षे पहिले होते, हे कळल्यावर मी ते पुन्हा सावकाश वाचले. मला त्यात ऊब देणारे दोन जीव आणि एक पिल्लू यांपलीकडे काही सापडले नाही. पुढे सायलोने एका मादीशी जोडी केली. ते नातीला मोठेपणी सांगेन, कारण खरी गोष्ट अर्धी सांगणे मला पटत नाही.

‘स्टेला ब्रिंग्ज द फॅमिली’मध्ये शाळेत मातृदिन असतो आणि दोन बाबांच्या स्टेलाला कोणाला न्यावे हा प्रश्न पडतो, शेवटी ती सगळ्या घरालाच नेते. गोष्ट चांगली आहे, परंतु माझ्या नातीला अजून ती चिंताच ठाऊक नसल्यामुळे दोन वाचनांनंतर पुस्तक मागे पडले. चिंता पडण्याआधी तिचे उत्तर मुलाच्या हाती द्यावे का, याविषयी माझ्या लेकीचे आणि माझे मत वेगळे आहे. मी थांबायच्या बाजूची आहे.

मोठ्यांनी वाचावे असे पुस्तक म्हणजे टोरांटोतच 1990 साली निघालेले ‘आशाज मम्स’. सहलीच्या संमतीपत्रावर दोन आईंची नावे पाहून बाई म्हणतात की अर्ज चुकला आहे. ब्रिटिश कोलंबियातल्या सरे इथल्या शाळा मंडळाने हे पुस्तक वर्गात वापरायला नकार दिला होता आणि 2002 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय अयोग्य ठरवला. नातीला खेळगटात घालताना आम्हाला मिळालेल्या कागदावरही ‘आई’ आणि ‘वडील’ असे दोनच रकाने होते. सुनेने ‘वडील’ शब्दावर काट मारून वर स्वतःचे नाव लिहिले, तेव्हा मी शेजारी बसले होते. बारा वर्षांत, म्हणजे आशाच्या पुस्तकापासून त्या निकालापर्यंत, किती घरांतून अशी काट मारली गेली असेल, हे त्या दिवशी माझ्या मनात आले.

पुण्यातल्या एका परिचित बाईंनी मला विचारले की इतक्या लहान मुलीला हे विषय कशाला. मी त्यांना सांगितले की आम्ही तिला तिचे घर दाखवतो, जसे तुमच्या नातवाच्या पुस्तकात आई-बाबा असतात. भारतात समलिंगी विवाहाविषयीच्या सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023 च्या निकालानंतरही समलिंगी जोडप्याला एकत्रितपणे मूल दत्तक घेता येत नाही. तरी अशी घरे इथेही आहेत आणि त्यांतली मुले गोष्टी ऐकतातच. मराठीत असे पुस्तक मी पुण्यातल्या चार दुकानांत मागितले, मिळाले नाही.

म्हणून टोरांटोहून निघण्यापूर्वी मी पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या कापल्या, त्यांवर माझ्या मराठी ओळी मोठ्या अक्षरांत लिहिल्या आणि पुठ्ठ्याच्या त्या पुस्तकात चित्रांखाली चिकटवल्या. नात अजून वाचत नाही. सून मात्र गेल्या वर्षापासून देवनागरी शिकते आहे, आणि मी कॉलवर नसते त्या दिवशी ती त्या पट्ट्यांवर बोट ठेवून, अक्षर अक्षर जुळवत, ‘आई घालते पायात बूट’ वाचते.