रटगर्स, प्रिन्स्टन की टीसीएनजे? हॉकी खेळणाऱ्या मुलीसाठी कॉलेज निवडताना

अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळात डिव्हिजन वन, टू, थ्री असं ऐकलं की आपल्या मनात शाळेतल्या अ, ब, क तुकड्या येतात. 'अ'मध्ये हुशार मुलं, 'क'मध्ये उरलेली. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही दोघांनी वर्षभर हाच हिशेब धरला आणि तेवढं वर्ष चुकीच्या प्रश्नाभोवती घालवलं. ती आता डिव्हिजन थ्रीमध्ये चार वर्षं मिडफील्डला खेळून पदवी घेऊन बाहेर पडली आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपासच्या मराठी घरांतून नववी-दहावीतल्या मुलींच्या आयांचे मला फोन येतात. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून सगळं सलग लिहिते आहे.

तुलनेसाठी न्यू जर्सीतलीच तीन कॉलेजं घेते. तिन्ही एडिसनहून तासाभराच्या आत आहेत आणि तिघांचे मार्ग अगदी वेगळे आहेत. रटगर्स डिव्हिजन वनमधल्या बिग टेन या मोठ्या विद्यापीठांच्या गटात खेळतं आणि खेळासाठी स्कॉलरशिप देऊ शकतं. प्रिन्स्टनही डिव्हिजन वनच, पण आयव्ही लीग या जुन्या नामांकित कॉलेजांच्या गटातलं, म्हणजे खेळासाठी एक डॉलरही नाही. ईविंगचं टीसीएनजे, अर्थात द कॉलेज ऑफ न्यू जर्सी, डिव्हिजन थ्रीमध्ये आहे. तिथेही खेळासाठी स्कॉलरशिप नाही. मधलं डिव्हिजन टू राहिलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात त्याचे चांगले संघ आहेत आणि तिथे थोडी स्कॉलरशिपही मिळते. मुलीला हवा तो विषय तिथे असेल तर जरूर पाहा.

मुलगा असेल तर मात्र हा सगळा हिशेब लागू होत नाही. एनसीएए, म्हणजे कॉलेजांचे हे सामने चालवणारी संस्था, तिच्यात हॉकी फक्त मुलींसाठी आहे. मुलांना कॉलेजात क्लबपुरतंच खेळता येतं.

खेळ कुठे चांगला?

रटगर्सने 2021 मध्ये बिग टेनची स्पर्धा जिंकली आणि राष्ट्रीय स्पर्धेत पहिलं मानांकन मिळवलं. प्रिन्स्टन 2012 मध्ये राष्ट्रीय विजेतं होतं. टीसीएनजेने डिव्हिजन थ्रीचं विजेतेपद 2011 आणि 2014 धरून अनेकदा मिळवलं आहे. व्हरमाँटचं मिडलबरी तर 2017 ते 2024 या काळात, 2020 ची न झालेली स्पर्धा सोडली, तर दर वर्षी डिव्हिजन थ्री जिंकत आलं. असा संघ उभा करायला अस्सल खेळाडू लागतात. तिथल्या मुली 'क तुकडी'तल्या म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

तरी फरक आहे, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. डिव्हिजन वनच्या वरच्या संघांत नेदरलँड्स, जर्मनी, अर्जेंटिनाहून आलेल्या मुली असतात. पाणी मारलेल्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर, त्या लहानपणापासून खेळलेल्या असतात. आपल्या मुली हायस्कूलमध्ये बहुधा गवतावर किंवा फुटबॉलच्या टर्फवर खेळतात. तिथे चेंडू अडखळत येतो, थांबवायला वेळ मिळतो, आणि अंगात ताकद असली की निभावतं. ओल्या टर्फवर तोच चेंडू सपाट आणि सुसाट येतो. पहिला स्पर्श चुकला की संपलं.

हे आपल्या लोकांना खरं तर समजावून सांगायला नको. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर झाली आणि भारत सातवा आला. हात तेच होते, मैदान बदललं होतं. तुमच्या मुलीचंही कॉलेजात तेच होणार आहे. म्हणून दहावीपासून आठवड्यातून एकदा तरी ओल्या टर्फवर सराव मिळेल असा क्लब शोधा, गाडी तासभर हाकावी लागली तरी. धावत असताना चेंडू घेणं, घेण्याआधी मान वळवून मागे पाहणं आणि रिव्हर्स स्टिक, म्हणजे स्टिक उलटी वळवून खेळणं, या तीन गोष्टींवर वेळ घालवा. तिने किती गोल केले हे कोच विचारतात, पण बघतात ते चेंडू जवळ नसताना ती काय करते ते.

पैसा

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहेत. डिव्हिजन वन म्हणजे फुकट शिक्षण, असं आम्हीही समजत होतो. 2025 पर्यंत हॉकीच्या एका संघाला फार तर 12 पूर्ण स्कॉलरशिपइतकी रक्कम देता येत असे, आणि ती वीस-पंचवीस मुलींत वाटली जाई. कुणाला अर्धी, कुणाला पुस्तकांपुरती, बऱ्याच जणींना काहीच नाही. 2025 च्या, एनसीएएविरुद्धच्या हाऊस खटल्यातल्या तडजोडीनंतर ही मर्यादा गेली. तिच्या जागी संघात जास्तीत जास्त 27 खेळाडू अशी मर्यादा आली आणि ज्यांनी नवी व्यवस्था स्वीकारली त्या कॉलेजांना ती लागू आहे. कागदावर 27 जणींना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. पण परवानगी असणं वेगळं आणि खात्यात पैसा असणं वेगळं. कोच 'स्कॉलरशिप' म्हणाले की शांतपणे विचारा: किती टक्के, किती वर्षं, आणि हे लेखी कधी मिळेल? तोंडी 'कमिट' करण्याला दोन्ही बाजूंनी बंधन नसतं. दोन्ही बाजूंना बांधणारं पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंटही 2024 मध्ये बंद झालं आहे. आता कॉलेजचा लेखी आर्थिक करार हाच आधार.

27 च्या मर्यादेचा आणखी एक परिणाम आहे. आधी स्कॉलरशिप नसलेली, पण जिद्दीने संघात येऊन बसणारी मुलगी ठेवून घ्यायला कोचना अडचण नसे. आता प्रत्येक जागा मोजून दिली जाते. उशिरा उमलणाऱ्या मुलीसाठी हे वाईट आहे, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

प्रिन्स्टनचा हिशेब पूर्णपणे घरच्या उत्पन्नावर चालतो. 2025-26 पासून वर्षाला दीड लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या बहुतेक कुटुंबांना तिथे काहीच भरावं लागत नाही. त्यापुढे अडीच लाखांपर्यंत बहुतेकांची ट्यूशन, म्हणजे शिक्षणाची फी, माफ होते. आपल्याकडच्या कितीतरी घरांत दोघं कमावतात आणि तरीही या मर्यादेत बसतात. म्हणजे स्कॉलरशिप नसलेलं प्रिन्स्टन हे अर्धी स्कॉलरशिप देणाऱ्या डिव्हिजन वन कॉलेजपेक्षा स्वस्त पडू शकतं. डिव्हिजन थ्रीत गरजेनुसार आणि गुणांनुसार मदत मिळते, मात्र मुलगी हॉकी खेळते म्हणून त्यात एक डॉलरही वाढवता येत नाही. टीसीएनजे सरकारी असल्याने राज्यातल्यांना फी कमी आहे, आणि गुणांवर मदतही देतं. मिडलबरीसारखी कॉलेजं गुणांवर काहीच देत नाहीत, फक्त गरज बघतात. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, मदत वजा जाता आपल्या घराला किती खर्च येईल ते तो सांगतो. कोचला पहिला ईमेल लिहिण्याआधी नवरा-बायकोने एका रात्री बसून तो भरावा. आम्ही तो बारावीत भरला. तोवर मुलीचा जीव एका कॉलेजात गुंतला होता.

एच-4 वरच्या मुलीसाठी

हे कुणी नीट सांगत नाही, म्हणून थोडं थांबते. ग्रीन कार्डच्या रांगेत असलेल्या घरातली मुलगी एच-4 वर, म्हणजे एच-1बी वर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर, असेल, तर सरकारी फेडरल मदत तिला मिळत नाही. पण खेळाची स्कॉलरशिप कॉलेजची असते, सरकारची नाही. ती व्हिसावर अडत नाही. एरवी मी डिव्हिजन वनच्या मागे धावू नका म्हणते, पण अशा मुलीला रटगर्ससारख्या ठिकाणाहून खरी, लेखी, मोठी ऑफर आली तर तिचं वजन दुप्पट धरा. प्रिन्स्टनही अशा मुलींसाठी चांगलं, कारण परदेशी विद्यार्थ्यांनाही तिथे पैशाकडे न पाहता प्रवेश देतात आणि पूर्ण गरज भागवतात. इतर बऱ्याच कॉलेजांत तुमची मुलगी 'परदेशी' रांगेत जाते आणि मदतीचा पेला लहान होतो. राज्याची कमी फी लागू होईल का, हे प्रत्येक कॉलेजला ईमेलनेच विचारा आणि उत्तर जपून ठेवा. एकविसाव्या वर्षी एच-4 संपून एफ-1 हा विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागेल, तेही आत्ताच वकिलाशी बोलून ठेवा. नाव-चेहऱ्याच्या जाहिरातीतून खेळाडू हल्ली पैसे कमावतात, ते मात्र या व्हिसांवर धोक्याचं आहे. त्या वाटेला जाऊ देऊ नका.

तारखा

डिव्हिजन वनचे कोच दहावी संपल्यावर 15 जूनपासून मुलीशी बोलू शकतात आणि अकरावीच्या आधीच्या 1 ऑगस्टपासून कॉलेजच्या खर्चाने बोलावू शकतात. मुलगी त्याआधीही लिहू शकते. उत्तर आलं नाही म्हणून खचू नये, कारण त्यांना ते देताच येत नाही. बऱ्याच जागा अकरावीच्या हिवाळ्यापर्यंत ठरून जातात. त्यामुळे दहावीच्या थँक्सगिव्हिंगला होणारा नॅशनल हॉकी फेस्टिव्हल अशा मुलींसाठी फार महत्त्वाचा. एका दिवसात कितीतरी कोच बाजूला खुर्च्या टाकून बसलेले असतात.

डिव्हिजन थ्रीचे कोच पत्र आणि फोन कधीही करू शकतात. तिथला खरा निर्णय अकरावी संपल्यावरच्या जुलैत होतो. कोच मार्कशीट मागतात आणि ॲडमिशन ऑफिसला दाखवतात. याला प्री-रीड म्हणतात. उत्तर चांगलं आलं की कोच विचारतात, अर्ली डिसिजनने अर्ज कराल का? त्याला बंधन असतं, मिळालं की जावंच लागतं. अशा कॉलेजांत हॉकीची खरी किंमत प्रवेशात मिळते. चांगले गुण असलेल्या मुलीला कोचच्या पाठिंब्याने असं दार उघडतं, जे नुसत्या गुणांनी उघडलं नसतं. हा फायदा आपल्या लोकांना उशिरा कळतो.

दहावीच्या उन्हाळ्यात आम्ही 'तुम्हाला खास आमंत्रण' अशा ईमेलवर तीन कँपना पैसे भरले. ते ईमेल शेकडो मुलींना गेले होते. कँप वाईट नव्हते, पण कोचने मुलीचं नाव घेऊन, तिच्या खेळातलं काहीतरी नेमकं लिहिलं असेल तरच पाठवा.

दिवस कसा जातो

नियमाप्रमाणे डिव्हिजन वनमध्ये सीझनला आठवड्याला 20 तास. त्यात प्रवास धरत नाहीत आणि फिजिओकडे जाणारा वेळही नाही. बिग टेन म्हणजे रटगर्सहून आयोवापर्यंतचा प्रवास. 2024 पासून स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया एसीसी या पूर्वेकडच्या गटात आल्याने तिकडच्या मुली तर देश ओलांडून सामन्याला जातात. हॉकीचा सीझन ऑगस्टअखेर ते नोव्हेंबर, म्हणजे ऐन केमिस्ट्री लॅबच्या महिन्यांत. डिव्हिजन वनमध्ये वसंतातही भरपूर सराव असतो, त्यामुळे सेमिस्टरभर परदेशी शिकायला जाणं जवळपास अशक्य. डिव्हिजन थ्रीत दुपारचा सराव कमी कष्टाचा नसतो, पण सामने बहुधा बसने जाऊन त्याच दिवशी परत येता येतील असे असतात आणि वसंत बराच मोकळा राहतो. माझी मुलगी तिसऱ्या वर्षी वसंतात परदेशी जाऊन आली. मेडिकल किंवा इंजिनिअरिंग डोक्यात असेल, तर याला मी स्कॉलरशिपच्या बरोबरीचं वजन देईन.

मग कुणी काय निवडावं?

अकरावीच्या डिसेंबरपर्यंत डिव्हिजन वनच्या एखाद्या कोचने नेमका आकडा सांगितला असेल आणि मुलगी दिवसाला दोनदा सराव करूनही भुकेली असेल, तर तिला जाऊ द्या. प्रिन्स्टनचा विचार तिचे गुण आधीच त्या पातळीचे असतील तरच करा. हॉकी तिथे दाराशी नेते, उंबरठा ओलांडायला वर्गातला अभ्यासच लागतो. बाकी बहुतेक मुलींसाठी माझं मत स्पष्ट आहे: चांगलं डिव्हिजन थ्री. तिथे पहिल्या-दुसऱ्या वर्षापासून खेळायला मिळण्याची शक्यता जास्त. डिव्हिजन वनच्या बाकावर तीन वर्षं जर्सी घालून बसलेली मुलगी हॉकीचा तिटकारा घेऊन घरी येते, हे मी पाहिलं आहे.

गोलकीपर असेल तर आणखी एक गोष्ट. संघात दोन-तीन असतात आणि खेळते एकच. कोचला थेट विचारा की आताच्या गोलकीपर कोणत्या वर्षात आहेत. दुसऱ्या वर्षातली मुलगी पक्की असेल, तर डिव्हिजन कोणतंही असो, तुमची मुलगी एक-दोन वर्षं बाकावर असेल.

शेवटी भेटीला जाल तेव्हा शनिवारचा सामना बघाच, पण शक्य असेल तर मंगळवारचा सरावही बघायची परवानगी मागा. मुलीला म्हणावं, ज्या अकरा जणी खेळतात त्यांच्याकडे नको, बाहेर उभ्या असलेल्यांकडे बघ. कोच त्यांच्याशी बोलतात का, त्या एकमेकींच्या चुका समजावून सांगतात का, की फोन ठेवलेल्या बॅगेकडे डोळा आहे? आमच्या मुलीने असाच एक तास कुंपणाशी उभं राहून पाहिलं आणि गाडीत बसताना म्हणाली, "आई, इथे मला नाही खेळवलं तरी मी रोज येईन." त्या कॉलेजला आम्ही अर्ली डिसिजनचा अर्ज भरला.