गुण आमचे, काम त्यांचं: संग्रहालयाच्या टेंडरात झालेली फसवणूक

सरकारी टेंडरातली फसवणूक म्हटलं की बनावट ई-मेल, खोटी वर्क ऑर्डर आणि ‘ईएमडी (बोलीबरोबरची अनामत रक्कम) या खात्यात भरा’ असे फोन आठवतात. आमच्या बाबतीत टेंडर खरं होतं, संस्था खरी होती, काम मिळवणारी कंपनीसुद्धा रीतसर नोंदलेली, मोठ्या ऑफिसची, वेळेवर जीएसटी भरणारी होती. खोटी होती ती एका पत्रावरची माझी सही.

मी संवर्धन वास्तुविशारद. पुण्यात आमचं चार-पाच जणांचं ऑफिस आहे. वाडे, देवळं आणि जुन्या संग्रहालयांची दालनं ही आमची कामं. केंद्राच्या अखत्यारीतल्या एका संस्थेनं आपल्या संग्रहालयासाठी वास्तुरचना आणि अभियांत्रिकी सल्लागार नेमण्याचं टेंडर काढलं. जुन्या इमारतीत नवी दालनं करायची होती, शिवाय वस्तूंचं भांडार आणि संवर्धनाची प्रयोगशाळा. असं काम वर्षानुवर्षांत एखादं निघतं.

अशी निवड बहुधा क्यूसीबीएस पद्धतीनं होते, म्हणजे दर्जा आणि दर दोन्ही तोलून. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मध्ये ती नियम 192 खाली आहे. दर्जाला 70 किंवा 80 टक्के वजन आणि उरलेलं दराला, अशी विभागणी सर्रास दिसते. दर्जाचे गुण मिळतात तशाच प्रकारच्या पूर्ण केलेल्या कामांचे, नेमलेल्या माणसांच्या अनुभवाचे, आणि कामाच्या पद्धतीवरच्या टिपणाचे व सादरीकरणाचे. पण त्याआधी उलाढालीची अट असते. ती पुरी नसेल तर तुमचं पाकीट गुणांपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे होतं असं की उलाढाल मोठ्या कंपनीकडे आणि संग्रहालयाचा अनुभव छोट्या ऑफिसकडे. दोघांनी एकत्र येण्यात गैर काहीच नाही, नियमांनाही ते मान्य आहे. फसवणूक या जोडणीच्या सांध्यात होते.

कंपनीच्या बिझनेस डेव्हलपमेंटवाल्या साहेबांचा फोन आला. “मॅडम, टर्नओव्हर आमचा, म्युझियम तुमचं. सोन्यासारखं काम आहे.” मी जेव्ही, म्हणजे दोघांची संयुक्त बोली, करू म्हटलं. टेंडरात तशी मुभा होती. “जेव्ही म्हणजे वेगळा पॅन, वेगळं खातं, नसती झंझट. तुम्हाला असोसिएट दाखवतो, आणि की पर्सोनेलमध्ये तुमचं नाव पहिलं.” मग दोन पानांचा एमओयू, म्हणजे सामंजस्य करार, आला. त्यात पैशांबद्दल एकच ओळ: काम मिळाल्यावर शुल्क परस्परसंमतीनं ठरवलं जाईल. आकडा विचारला तर उत्तर मिळालं, “दर अजून फायनल नाही. निकाल लागू दे, मग टक्के बसून ठरवू.”

हे वाक्य नीट ऐका, कारण दुसऱ्या कुणाकडून तुम्हालाही ते ऐकायला मिळेल. ई-टेंडरात टेक्निकल आणि फायनान्शियल ही दोन्ही पाकिटं एकाच मुदतीत अपलोड करावी लागतात. उघडली जातात वेगवेगळ्या दिवशी, एवढंच. म्हणजे ज्या संध्याकाळी माझा सीव्ही पोर्टलवर चढला, त्याच संध्याकाळी त्यांचा दरही चढला होता. त्या दरात माझ्या कामाचे किती रुपये धरलेत, की धरलेच नाहीत, हे त्यांना पैशापर्यंत ठाऊक होतं. निकालानंतर ठरवायचं काही उरलेलंच नव्हतं.

आमच्याकडून काय काय गेलं ते सांगते. संग्रहालयांच्या कामांची कम्प्लिशन सर्टिफिकेटं. हमीपत्रासह, प्रत्येक पानावर सही केलेला माझा सीव्ही. आणि पद्धतीचं टिपण, जे सगळं आम्ही लिहिलं होतं. कापड आणि कागदाच्या वस्तूंवर 50 लक्सच्या (लक्स हे उजेडाचं माप) वर उजेड का नको, पावसाळ्यात दालनातली आर्द्रता एकदम वरखाली होऊ नये म्हणून काय करायचं, भांडारात सरकते रॅक बसवले तर जुन्या स्लॅबवर भार किती येतो, आग विझवायला पाणी कुठे चालेल आणि गॅस कुठे लागेल. शोकेसचे तपशीलही काढून दिले. वर समितीपुढचं सादरीकरण मीच केलं. सगळे प्रश्न संग्रहाबद्दल होते आणि कंपनीच्या माणसांनी तोंड उघडलं ते शेवटी आभार मानायला.

काम त्यांना मिळालं. दर सगळ्यात कमी नव्हता, टेक्निकल गुणांवरच ते पुढे आले.

त्यानंतर साहेब कायम मीटिंगमध्ये. मग कळलं, “इन्सेप्शन रिपोर्ट (कामाचा सुरुवातीचा अहवाल) इन-हाउस चाललाय, तुमचा स्कोप पुढच्या स्टेजला येईल.” पुढची स्टेज काही आली नाही. संस्थेत चौकशी केली तर तिथल्या अभियंत्यानं सरळ विचारलं, “तुम्हीच ना नाही म्हणालात?”

मी माहितीच्या अधिकारात माझ्या नावाशी संबंधित सगळा पत्रव्यवहार मागितला. माहिती तिसऱ्या पक्षाची असल्यानं कलम 11 खाली कंपनीला विचारणा झाली आणि कंपनीनं गोपनीयतेची हरकत घेतली. पहिल्या अपिलात मी एवढंच म्हटलं की माझ्याच नावानं, माझ्याच सहीचं म्हणून दिलेलं पत्र माझ्यापासून गोपनीय कसं असेल? प्रत मिळाली. आमच्या जुन्या लेटरहेडवर तीन ओळी होत्या: वैयक्तिक कारणांमुळे मी या प्रकल्पासाठी उपलब्ध नाही, माझ्या जागी दुसऱ्या व्यक्तीला घेण्यास हरकत नाही. खालची सही सीव्हीच्या शेवटच्या पानावरून उचललेली. सहीच्या शेपटीत आमच्या गोल शिक्क्याची अर्धी कडही आली होती आणि बाकीचा शिक्का गायब होता.

प्रमुख माणसं अशी सहज बदलता येत नाहीत. आजारपण, राजीनामा असं सबळ कारण लागतं, बदली माणूस तेवढ्याच तोलाचा लागतो आणि ग्राहकाची लेखी मंजुरी लागते. म्हणून तर खोटं पत्र करावं लागलं. संस्थेनं ते फायलीला लावलं आणि मंजुरी दिली. माझा मोबाइल नंबर सीव्हीच्या पहिल्याच पानावर होता. पण मला फोन करून विचारावं असं कुणालाच वाटलं नाही. याचा राग मला कंपनीपेक्षा काकणभर जास्तच आहे.

मुंबईच्या आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयासाठी 1909 साली खुली स्पर्धा घेऊन जॉर्ज विटेट यांना निवडलं होतं, आणि त्या इमारतीबरोबर आजही त्यांचंच नाव घेतलं जातं. अमेरिकेत 1972 च्या ब्रुक्स कायद्यानुसार संघराज्य सरकारच्या अशा कामांत आधी पात्रतेवर निवड होते आणि शुल्काची बोलणी नंतर. आपल्याकडेही माणसांना गुण देतात, पण गुण देताना पाहिलेली माणसं पुढे कामावर आहेत का, हे बघायची सोय कागदावरच राहते. असो.

आता आमच्या ऑफिसात काही गोष्टी ठरून गेल्या आहेत. काम जेव्हीत घ्यायचं, नाहीतर सब-कन्सल्टन्सीचा करार करायचा आणि त्यात टक्के व टप्पे लिहून तो टेक्निकल पाकिटातच जोडायला लावायचा. बाहेर केलेल्या एमओयूशी ग्राहकाला काही देणंघेणं नसतं. सर्टिफिकेटच्या प्रत्येक प्रतीवर टेंडर क्रमांक आडवा छापायचा. सही मजकुरावरूनच करायची, म्हणजे ती कापून काढता येत नाही. मूल्यमापन चालू असताना संस्थेशी संपर्क करायचा नसतो, तो केला तर बोलीच बाद होऊ शकते. पण निकाल पोर्टलवर लागला की संस्थेला आपणहून पत्र पाठवायचं: माझं नाव अमुक पदासाठी दिलं आहे, मी उपलब्ध आहे, बदल झाला तर मला थेट विचारावं.

टिपण आणि सादरीकरणाचं वेगळं बिलही आधीच ठरवून लावतो. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे 2006 च्या एमएसएमई विकास कायद्यानं जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज लागतं. पण अशी थकबाकीची भांडणं ऐकणाऱ्या फॅसिलिटेशन कौन्सिलपुढे जायचं तर हातात येणं असल्याचा कागद हवा. ‘परस्परसंमतीनं ठरेल’ या ओळीवर कसलं बिल लावणार? छोट्या उद्योगाची उद्यम नोंदणीही काम सुरू होण्याआधीची असलेली बरी. ड्रॉइंगच्या हक्कांचं मात्र आमच्या बाजूनं आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम 19 नुसार हक्क लेखी दिल्याशिवाय जात नाहीत, आणि एमओयूत त्याबद्दल अवाक्षर नव्हतं.

कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे तक्रार करता येते, पण ती नोंदणीकृत वास्तुविशारदाविरुद्ध. मला फोन करणारे साहेब एमबीए. पोलिसांत भारतीय न्याय संहितेच्या कलम 336 आणि 340 (बनावट कागद करणं आणि तो खरा म्हणून वापरणं) खाली अर्ज दिला आहे. संस्थेनं कंपनीला कारणे दाखवा नोटीस काढली आहे. सामान्य वित्तीय नियमांतल्या नियम 175 मधली सचोटीची संहिता मोडल्याचं सिद्ध झालं तर नियम 151 खाली कंपनीला टेंडरांतून बाद करता येतं. अडचण अशी की संस्थेकडेही पत्राची मूळ प्रत नाही, ई-मेलनं आलेलं स्कॅन आहे. त्यामुळे आता तपास तो मेल कुठून निघाला याचा चालू आहे.

तुमचं नाव एखाद्या टेंडरात दिलं गेलं असेल आणि वर्क ऑर्डरनंतर तिकडे शांतता असेल, तर थांबू नका. केंद्राच्या संस्थेसाठी माहितीच्या अधिकाराचा अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क 10 रुपये. ‘माझ्या नावानं किंवा माझ्या सहीनं आलेलं प्रत्येक पत्र, आणि ते ज्या मेलवरून आलं त्याची संपूर्ण प्रत’ अशाच शब्दांत मागा. मी पहिल्या अर्जात फक्त पत्रं मागितली होती, मेलसाठी दुसरा अर्ज करावा लागला.